काकांनी निवडलेलं लोकप्रशासन

पुस्तक कानाशी धरून निवडणारा माणूस अख्ख्या मोताळा तालुक्यात एकच असेल, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे दीर. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आमची अभ्यासिका होती, किल्ली या काकांकडे. उभा जन्म बीटी कपाशीची वाणं पारखण्यात गेलेला, म्हणून पुस्तकंही ते तशीच पारखत. हुंगत, हलवत, मग पोराला खालून वर न्याहाळून विचारत, "जमीन कशी हाय तुही?" एकाला त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "तुही जमीन मुरमाड हाय बे. एवढं जाड वाण घेशीन त फुलाच्या आधीच पात्या गळतीन."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. स्पर्धा परीक्षेला लोकप्रशासन घेतलं खरं, पण पुस्तक कोणतं वाचावं हे सांगणारं कोणी नव्हतं. कपाशी बोंडअळीनं खाल्लेली. बाबांनी एकच वर्ष दिलं होतं. पुस्तक चुकलं की वर्ष गेलं, मग शेतातला वखर होताच. मी काकांपुढे दोन पुस्तकं ठेवली. एक मित्राचं, दिल्लीहून मागवलेलं जाडजूड. दुसरं अभ्यासिकेच्याच कपाटातलं जुनं.

दिवेलागणीला त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि मला घेऊन ओट्यावर बसले. वारा नव्हता. आत पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक, सावकाश.

"उंदीर असेल, काका."

"उंदीर पान कुरतडते बे, उलटत नाही."

दार उघडलं. जाड पुस्तक मिटलेलंच होतं. जुनं मधोमध उघडं. तिथपर्यंत पेन्सिलीच्या नीट रेघा, पुढे कोरं.

काका हळूच म्हणाले, "मागं अशीच अळी आली त्या साली हे वाचणारं पोरगं अर्ध्यातूनच घरी गेलं अन् तिकडंच मेलं. पुस्तक म्याच निवडून देलं होतं त्याले." मग माझ्याकडे न बघता, "तू हेच घे. पण इथून पुढं मोठ्यानं वाच."

मी वाचलं. रोज संध्याकाळी, बाकीची पोरं गेल्यावर, रिकाम्या गोदामात. आधी घाबरत, मग सवयीनं. अवघड परिच्छेद दोनदा वाचायचो, कोणी मागे राहू नये म्हणून. शेवटचं पान झालं त्या दिवशी मात्र ते नुसतं गोदाम वाटलं.

पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेसाठी बाबांनी आणखी एक वर्ष दिलं. हे सांगायला गेलो, तर काका बंद दाराला कान लावून बसलेले.

"गेला रे तो," ते म्हणाले. "बरं झालं. पण मले सांजच्याले करमत नाही आता. बस जराशीक."

मी बसलो. आत काहीच वाजलं नाही.