रिकाम्या फोल्डरचं वजन

रोज सकाळी एव्हिस त्रेझाइज कम्प्युटर सुरू करी आणि रोज तो तिच्या नवऱ्याला हाक मारी. पडद्याच्या मधोमध पांढरी चौकट येई: 'रॉयडन, तुमचे पक्षी-रजिस्टर सापडत नाही.'

"तो इथे नाही, पोर्ट पिरीला आहे. तिकडे जाऊन विचार," असं म्हणून ती चौकट बंद करी.

रॉयडन फेब्रुवारीत शेरिल नावाच्या बाईबरोबर राहायला गेला होता. जाताना त्याने गळ नेले, कॉफीचं यंत्र नेलं, खेकडे ओढायचा दाताळ्याचा पंजा नेला. आदल्या दिवशी कम्प्युटरवरून पक्ष्यांच्या नोंदींचा प्रोग्रामही काढून टाकला. तो का काढला, हे एव्हिसला मे महिन्यात पक्ष्यांच्या वाटणीबद्दल क्लबची चिठ्ठी आली तेव्हा कळलं.

त्यांचे बजरीगर पोपट दोघांच्या नावावर होते. पिल्लू आठवड्याचं झालं की त्याच्या पायात कडं चढवायचं. कड्यावर वर्ष, त्या पक्ष्याचा क्रमांक, आणि दोघांचा मिळून एकच सभासद-क्रमांक. भागीदारी मोडली तर वॉलरू गावच्या पक्षी-क्लबात नियम सरळ होता. ज्याची मूळ मादी, त्याचं घराणं. मात्र रजिस्टर दाखवायला हवं. नसेल तर निम्मेनिम्मे, आणि पहिली निवड ज्याचं नाव आधी लागलंय त्याची. नाव अर्थातच रॉयडनचं आधी होतं.

आकाशी रंगाचं घराणं एव्हिसच्या वडिलांच्या मादीपासून आलेलं. आता त्यात एकोणीस पक्षी होते. वडिलांच्या हातच्या वह्याही होत्या. रॉयडनने त्या कम्प्युटरवर उतरवल्या आणि मग पानं फाडून पिंजऱ्यांच्या तळाला अंथरली. "सगळं आत गेलंय ना? मग कागद कशाला साठवायचा?" वडिलांच्या अक्षरावर वर्षभर पक्ष्यांची घाण पडत होती आणि एव्हिस ती आठवड्याला गुंडाळून फेकत होती. तेव्हा ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला आता नवऱ्यापेक्षाही जास्त राग येई.

बुधवारी त्याचा फोन आला.

"शनिवारी ट्रेलर घेऊन येतो. क्लबच्या ग्लेनिसला बोलावलंय, साक्षीला."

"आकाशी माझे आहेत."

"मग दाखव की लिहिलेलं!" तो हसला. मागे शेरिलही हसली.

गुरुवारी दुपारी एव्हिसने मटण-बटाटा भरलेली गार पॅस्टी उभ्याउभ्याच खाल्ली आणि ती कम्प्युटरपुढे बसली. पक्षी जाणारच असतील, तर निदान हा माणूस तरी घरातून पुरता जाऊ दे. प्रोग्राम काढला तरी त्याचा कचरा मागे राहतो, हे तिला ठाऊक होतं. शेड पाडली तरी खांबांचे बुंधे जमिनीत राहतात तसं. तिने लपवलेल्या फाइली दिसायची सोय चालू केली आणि एकेक बुंधा उपटायला घेतला. भरती-ओहोटीच्या वेळांचा प्रोग्राम. घोड्यांच्या शर्यतीचा. सहा वर्षांपूर्वी कचराडेपोत टाकलेल्या प्रिंटरचा. प्रत्येक फोल्डरवर रॉयडनचं नाव, आणि प्रत्येक वेळी ती जरा जोरातच बटण दाबत होती.

पक्षी-रजिस्टरच्या फोल्डरवर तिने बाण नेला, शेजारचा आकाराचा आकडा पाहिला आणि ती थांबली.

एव्हिसने एकोणतीस वर्षं गव्हाच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला होता. गाडी भरून आत, रिकामी होऊन बाहेर. शेतकरी खिडकीतून हात हलवून ओरडे, "रिकामी!" आणि ती म्हणे, "ते काटा सांगेल." आत्तापर्यंतचे सगळे फोल्डर धुळीएवढे हलके होते. हा बाकी सगळ्यांच्या मिळून दोनशेपट निघाला. रिकामी म्हणून सांगितलेली गाडी काट्यावर उभी होती आणि तिची चाकं दबलेली होती.

आत ओळीने नकला होत्या. रजिस्टर बंद केलं की प्रोग्राम दर वेळी एक नक्कल बाजूला ठेवत असे. निघून जाताना त्या नकला न्यायला मात्र प्रोग्राम विसरला होता. तिने शेवटची उघडली. साध्या तक्त्यासारखी उघडली. कड्याचा क्रमांक, आई, बाप, वर्ष. पहिल्याच ओळीत वडिलांची मादी, आणि 'मूळ मालक' या रकान्यात 'एव्हिस'. रॉयडनने स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं.

तिने चव्वेचाळीस पानं छापली आणि दोनदा मोजली.

शनिवारी रॉयडन आला तो थेट मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यांकडेच गेला. क्लबच्या चिटणीस ग्लेनिस पॅस्को चष्मा पुसत मागून आल्या.

"पहिली निवड माझी," रॉयडन म्हणाला. "तो मोठ्या डोक्याचा नर. मग ती मादी. घाबरू नकोस एव्ही, हिरवे ठेवतो तुला."

"एव्ही म्हणू नकोस. ग्लेनिस, तुम्ही आधी हे बघा."

ग्लेनिसनी पानं चाळली. रॉयडनने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"हे कुठून आणलंस? हे मी काढून टाकलं होतं!"

ग्लेनिसनी पानांवरून डोकं वर केलं.

"काढून टाकलं होतंस?" ग्लेनिसनी विचारलं. "मला तर म्हणालास, कम्प्युटर बिघडला."

"म्हणजे... बिघडला म्हणूनच..."

"बिघडला असता तर मी हे छापलं कशावर? तुझ्या कपाळावर?" एव्हिस म्हणाली.

"हिने मागाहून लिहिलं असेल! हिला काय, घरात बसून दुसरा धंदा नाही."

ग्लेनिसनी पिंजऱ्यात हात घालून म्हातारी मादी धरली, पायातलं कडं वाचलं आणि पानावर बोट फिरवलं. दुसरा पक्षी, तिसरा. पाचव्यानंतर त्यांनी पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"आकाशी एव्हिसचे. हिरव्यातले निम्मे तू ने. आणि रॉयडन, पुढच्या सभेला ये. तुला विचारायचं आहे."

त्याने सात हिरवे पक्षी ट्रेलरमध्ये चढवले. कोणीही मदतीला हात लावला नाही. फाटकाशी तो वळला.

"शेडमध्ये माझी मासेमारीची मासिकं आहेत. वीस वर्षांची. ती तरी देशील?"

"घेऊन जा की," एव्हिस म्हणाली. "पिंजऱ्यांच्या तळाला अंथरली आहेत. दोन दिवसांचीच घाण आहे, झटकून घे."