हॉटेलातल्या रेडिओवरचा हायड्रोजन

मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात उमरग्याच्या हमरस्त्यावरील एका हॉटेलमालकाने भर गिऱ्हाइकांत जाहीर केले, की आपल्या रेडिओवर आकाशातल्या हायड्रोजनचा आवाज येतो. खोटे ठरले तर रेडिओ शाळेला देऊन टाकू, असेही ते म्हणाले.

या हॉटेलमालकांना सगळे चाचा म्हणत. ट्रकवाले त्यांच्याकडे थांबत ते रेडिओसाठी. चहा समोरच्या हॉटेलात बरा मिळे. रेडिओ गेला असता तर ट्रकही गेले असते.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आकाशातला हायड्रोजन रेडिओलहरी सोडतो, परदेशात मोठ्या तबकड्या लावून त्या पकडतात, जितकी लहर लांबून येते तितकी ती जुनी. कधीतरी तारे जन्मण्याआधीची खबरही तिच्यातून कळेल, असे मी आदल्या दिवशी चहा पिताना सांगितले होते. चाचांनी तेवढेच उचलले.

"चाचा, ती लहर वीतभर लांबीची. तुमचा रेडिओ शेकडो हात लांबीच्या लहरी पकडतो," मी म्हणालो.

"मग वीतभराची त्यात मावत न्हाय व्हय? मोठ्या डब्यात छोटा डबा ठिवतोच की आपण."

गिऱ्हाइकांना हे पटले. हेडमास्तरांनी मात्र रेडिओ कुठल्या वर्गात ठेवायचा ते ठरवून टाकले होते. रेडिओची परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली.

चाचांनी काटा दोन स्टेशनांच्या मधे आणला. बारीक खरखर सुरू झाली. मी रेडिओला जोडलेली छपरावरची एरियलची तार काढायला लावली. खरखर तशीच राहिली.

"हा आवाज रेडिओच्या पोटातला आहे," मी म्हणालो. "आकाशाचा संबंध नाही."

हेडमास्तर रेडिओ उचलायला पुढे झाले. चाचांनी त्यावर हात ठेवला. "थांबा की सर. तार तर लावू द्या."

तार लागली आणि रेडिओ जोरात कडकडला. "आला बघा!" ट्रकवाले ओरडले. दारात तहसिलीची जीप येऊन थांबली होती. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितले. कडकडाट थांबला. सुरू करायला सांगितले, पुन्हा आला.

"हा जीपच्या इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचा आवाज आहे, चाचा."

चाचा दारापर्यंत जाऊन जीप बघून आले. मग म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. पेट्रोलमदी हायड्रोजन असतो का न्हाय?"

"असतो."

"आन् त्यो कवाचा?"

"फार जुना. ताऱ्यांच्याही आधीचा."

"मग लई झालं!"

हॉटेलात एकच हशा पिकला. ठिणगी आणि हायड्रोजन यांतला फरक मी फळ्याशिवाय समजावू लागलो. ऐकायला हेडमास्तर तेवढे उरले होते.

रेडिओ हॉटेलातच राहिला. त्या संध्याकाळी बातम्यांच्या आधी चाचांनी जीप लांब, चिंचेखाली उभी करायला लावली.