दुसरी किल्ली

ही हकीकत सांगायची मी अकरा वर्षं टाळली. घरी कोणी विचारलं, की मनगटाचं जुनं दुखणं पुढे करून विषय बदलायचो.

लखनौच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवायचो आणि परीक्षा विभाग सांभाळायचो. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी कोणाकडे, हे दर परीक्षेला बदलायचं आणि कुठेही लिहिलं जायचं नाही. त्या वर्षी ती मी आमच्या हेडक्लार्कना, बडे बाबूंना दिली होती. आम्हा दोघांशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भर दुपारी चौघे लोखंडी सळया घेऊन आत शिरले. पहिल्या फटक्यात टेबलाची काच फुटली, दुसऱ्यात माझं डावं मनगट. मी माझी किल्ली काढून दिली. त्यांच्यातल्या एकानं अगदी अदबीनं विचारलं, "और दूसरी किसके पास है, सर?"

मी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

बडे बाबूंनी किल्ली मुठीत घेतली होती. त्या चौघांनी ती मूठ टेबलावर दाबून धरली आणि सळयांनी ठेचली. बोटांची हाडं मोडताना ऐकू येत होती. मग बरगड्या, मग डोकं. भिंतीवरच्या वेळापत्रकापर्यंत रक्त उडालं. "आप निकलिए, साहब," बडे बाबू मला म्हणाले. मी मागच्या दारानं निघालो. शिपाई धावून आले तेव्हा ते चौघे पळाले. मूठ इस्पितळात डॉक्टरांनी सोडवली. किल्ली आत, मांसात रुतलेली. तिसऱ्या दिवशी बडे बाबू गेले. परीक्षा वेळेवर झाली.

पोलिसांना मी सांगितलं, मार बसताच माझी शुद्ध हरपली.

आता त्या कपाटावर त्यांची तसबीर आहे. परीक्षेआधी मुलं तिला पेन टेकवतात, अगरबत्ती लावतात, लाडू ठेवतात. मुलांच्या या 'बाबां'चा कौल घेतल्याशिवाय कोणी पेपरला बसत नाही.

चीनच्या पुराणातली एक गोष्ट मी वर्गात सांगायचो. खरं बोलणाऱ्या एकनिष्ठ मंत्र्याचं काळीज राजानं कापून काढवलं. मंत्री तसाच चालत बाजारात गेला आणि एका भाजीवालीला विचारलं, काळजाशिवाय माणूस जगतो का? ती म्हणाली, मरतो. तिथेच तो कोसळला. पुढे लोकांनी त्याला देव केलं. मुलं राजावर चिडायची. भाजीवालीबद्दल कोणी विचारत नसे. तिला बिचारीला आपल्या उत्तरानं काय होणार ते माहीत नव्हतं. मला होतं.

बडे बाबूंच्या पत्नीला एकच गोष्ट हवी होती. दर पुण्यतिथीला त्या मला विचारायच्या, "भाईसाहब, उन लोगों को बताया किसने?" मी माहीत नसल्यासारखी मान हलवायचो.

गेल्या वर्षी ठरवून मेट्रोनं आलमबागला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, नातीला माझ्या पाया पडायला लावलं. तिला म्हणाल्या, "दादाजी ने इन्हीं को बचाया था।" मी चहा संपवला आणि उठलो.

या थंडीत त्याही गेल्या. घरून पाठ करून नेलेलं वाक्य एवढंच होतं: भाभीजी, मैंने बताया था, मुझे माफ़ कर दीजिए.