मालिकेतली गेमवाली

मल्लेश्वरीला राग नवा नव्हता, पण आजवर तिनं तो गिळला होता. पदरात पोर होतं, दुकान चालवायचं होतं, रागाला तोंड फोडून भागणार नव्हतं. या खेपेला मात्र राग गिळला गेला नाही, आणि तिनंही तसा प्रयत्न केला नाही.

ती माहेरची निंबर्ग्याची. लग्न होऊन निर्ण्याला आली. नवरा गुरुलिंग हुमनाबादला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. सत्त्याण्णव साली त्यानं हैदराबादेहून व्हिडिओ गेमच्या तीन जुन्या पेट्या आणल्या. माणसाएवढ्या उंच, वर टीव्हीची काच, खाली एक हँडल आणि सहा बटणं. दुकानावर पाटी लागली, ‘गुरुलिंग व्हिडिओ गेम’. शाळा सुटली की गल्लीत सायकली लावायला जागा उरायची नाही. चार वर्षांनी हमरस्त्यावर त्याच्या मोटारसायकलीला ट्रकनं उडवलं. सौम्या तेव्हा तीन वर्षांची होती.

दुखवटा सरायच्या आत धाकटा दीर अण्णाराव येऊन बसला. “वैनी, पेट्या विकून टाकू. बाईमाणसानं पोरं गोळा करून गेम चालवायचा म्हणल्यावर लोक काय म्हणतील?”

“लोकांस्नी म्हणू द्या,” ती म्हणाली. “पेट्या न्हाई विकायच्या.”

ती दुकानात बसायला लागली. नवऱ्याच्या वहीत कुठली तार कुठं जाते याची चित्रं होती, त्यावरून ती तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली. बोटं भाजली, दोनदा शॉक बसला. पण वर्षभरात पेटी उघडून हँडलची स्प्रिंग बदलायला तिला कुणाला बोलवावं लागेना. नियम तिनं स्वतः घातले. शाळेच्या वेळेत कुणाला आत घ्यायचं नाही. शिवी दिली की आठवडाभर बंदी. आणि आल्या आल्या बादलीतल्या पाण्यानं हात धुवायचे, कारण पोरं बाहेरच्या गाड्यावर भजी खाऊन तसल्याच तेलकट बोटांनी बटणं दाबायची. “आधी हात धू,” हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की पोरं तिच्या आधीच म्हणायला लागली. सगळे तिला अक्का म्हणायचे. कधी गर्दी कमी असली की ती स्वतः गाड्यांच्या शर्यतीवर उभी राहायची. पदर खोचलेला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, पेन्सिल अंबाड्यात. ती खेळायला लागली की बाकीच्या दोन पेट्या ओस पडायच्या आणि सगळी पोरं तिच्या पाठीमागं श्वास धरून उभी राहायची. तिला हरवल्याचं कुणाला आठवत नाही.

पुढं घरोघरी मोबाइल आले. दोन हजार बारा साली तिनं गेम बंद केला आणि दुकानाच्या पुढच्या भागात वह्या-दप्तरं विकायला सुरुवात केली. सौम्या शिकली, कलबुर्गीला कॉलेजात शिकवायला लागली. मागच्या भागात तिन्ही पेट्या जुन्या लुगड्यांखाली झाकलेल्या राहिल्या. पाटी तशीच होती. ती उतरवावी असं मल्लेश्वरीला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर उदगीरचा तानाजी आला. टीव्हीच्या मालिकांसाठी जागा हुडकून द्यायचं त्याचं काम. दुकान बघून त्याचे डोळे चमकले.

“अक्का, असलं दुकान आता हैदराबादेतबी घावत न्हाई. मराठी मालिका हाय, मोठ्या चॅनलवरची. लहानपणीची गोष्ट हाय. त्या काळातली पोरं, त्यांचा गेम, त्यांची दोस्ती.”

“भाडं काय द्यायचं ते सांगा,” असंही तो म्हणाला.

“भाडं ऱ्हाऊ दे,” मल्लेश्वरी म्हणाली. “ह्यांच्या नावाची पाटी तेवढी दिसली पाह्यजे.”

“दिसती की. मोठी दिसती.”

तिनं आठवडाभर खपून तिन्ही पेट्या चालू केल्या. एकीचा पडदा फिकट पडला होता, तिनं बीदरहून जुन्या टीव्हीची नळी आणून बसवली. शूटिंगच्या दिवशी एक नटी आली, गोड बोलणारी. दुकानवालीचं काम तीच करणार होती. ती दोन तास मल्लेश्वरीच्या शेजारी बसली. हँडल कसं धरता, पोरांना हाक कशी मारता, पेन्सिल केसात का खोचता, सगळं विचारलं. “आधी हात धू” हे तिनं तीनदा म्हणून घेतलं, निर्ण्याच्या हेलासकट. मल्लेश्वरीला बरं वाटलं. आपल्याला इतक्या मायेनं कुणी बघितलंय असं तिला फार वर्षांत वाटलं नव्हतं. प्रत्यक्ष शूटिंगच्या वेळी मात्र गर्दी होते म्हणून तिला बाहेर बसवलं.

तो भाग फेब्रुवारीत लागला, संध्याकाळी आठ वाजता. शेजारच्या पाचसहा बाया घरी आल्या होत्या, सौम्या सुट्टी काढून आली होती. पहिल्यांदा पडद्यावर पाटीच दिसली, ‘गुरुलिंग व्हिडिओ गेम’, अगदी मोठी. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग आतून ती नटी आली. खोचलेला पदर, कमरेला जुडगा, अंबाड्यात पेन्सिल. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आत येतो. ती म्हणते, “आधी हात धू.” आणि मग त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणते, “आईचं डोरलं आणलंस का?” पोरगा मुठीतलं डोरलं तिच्या हातात देतो. ती त्याला एक पुडी देते आणि पेटीपुढं उभा करते. पोरगा बटणं बडवत सुटतो, डोळे लाल, तोंडाला फेस. पुढच्या प्रसंगात तो घरी जाऊन आईच्या डोक्यात वरवंटा घालतो.

मल्लेश्वरी पडद्याकडं बघत राहिली. पेटीवर गाड्यांची शर्यत चालू होती, तिला स्पष्ट दिसत होतं, लाल गाडी, डावीकडचं वळण. आणि आवाज येत होते बंदुकीचे. धाड धाड गोळ्या सुटत होत्या. पोरगं तर हँडल सोडून नुसती बटणं दाबत होतं, असं केल्यावर गाडी जागची हलत नाही.

“ह्यांस्नी एवढंबी ठावं न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “गाडीच्या गेमात बंदूक कुठून आली?”

“अव्वा, बंदुकीचं सोड,” सौम्या म्हणाली. “तुला काय करून दाखवलंय ते बघ की.”

“बघितलं. समदं बघितलं.”

शेजारणी एकेक करून उठल्या. जाताना कुणी तिच्याकडं नीट बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णारावाचा फोन आला. “वैनी, मी त्याच वेळी म्हणलो होतो. आता घराण्याचं नाव टीव्हीवर गेलं.”

“अण्णाराव,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या दुकानात कधी पाय ठेवलावता का? एक दिस तरी?”

“न्हाई.”

“मग त्या मालिकावाल्यात अन् तुमच्यात फरक काय?” तिनं फोन ठेवून दिला. वीस वर्षांत दिराला ती असं बोलली नव्हती.

दुकानात गिऱ्हाईक येत होतं, पण एक आई आपल्या पोराचा हात घट्ट धरून वही मागायला लागली. ज्या पोरांनी त्याच दुकानात हात धुतले होते, ती आता बापमाणसं झाली होती, ती हसून म्हणायची, “अक्का, डोरलं आणू का?” त्यांना गंमत वाटत होती. तिला त्या हसण्याचा सगळ्यात जास्त राग आला. खोटं सांगणारे लांबचे होते. हे तर तिथं उभे राहिले होते, त्यांनी बघितलं होतं. त्यातला एकटा बळीराम, जो आता सरकारी बसवर कंडक्टर आहे, तो गाडी सोडून दुकानात आला आणि म्हणाला, “अक्का, मी सांगतो लोकांस्नी.” ती म्हणाली, “आता कामून आलास? काल चहाच्या टपरीवर तू बी हसत होतास असं कळलं मला.” बळीराम खाली मान घालून गेला.

तानाजीला तिनं फोन लावला. तो आधी उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, “अक्का, ती कथा हाय. सुरुवातीला पाटी येती की, समदं काल्पनिक म्हणून.”

“ती पाटी बारीक अक्षरात. माझ्या नवऱ्याची पाटी मोठ्या अक्षरात. लोक कुठली वाचतील?”

“तुम्हीच म्हणला होता, नाव दिसू दे.”

तेवढं खरं होतं. मग तानाजी म्हणाला, “आणखी दोन दिस शूटिंग हाय तिथं. पुढल्या सोमवारी. लोकांस्नी तुमचं दुकान लई आवडलं.”

“या,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दोन गाड्या गल्लीत शिरल्या. दिवे, तारा, खुर्च्या उतरल्या. नटी गाडीतच बसून राहिली, खाली आली नाही. दिग्दर्शक म्हणजे एक तिशीतला माणूस, काळी टोपी घातलेला. त्यानं वाकून नमस्कार केला. मल्लेश्वरीनं त्याला आत नेलं, एका पेटीवरचं लुगडं काढलं आणि करंट दिला.

“खेळा,” ती म्हणाली.

“मॅडम, आपल्याला वेळ कमी आहे.”

“एक डाव.”

त्यानं हँडल धरलं. पहिल्या वळणावर गाडी आपटली. दुसऱ्यांदा तिथंच आपटली. तो हसला. “मला नाही येत हो हे. आमच्या घरी हे असलं चालत नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही गेमच्या दुकानात कधी गेला न्हाई.”

“नाही.”

“मग पुडी कुठं बघितली?”

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “हे बघा, प्रेक्षकांना पटकन कळावं लागतं. व्हिडिओ गेम दाखवला की लोक समजतात, मुलगा बिघडणार. सगळ्याच मालिकांत तसंच दाखवतात. तुमच्यावर वैयक्तिक काही नाही.”

“माझा पदर वैयक्तिक हाय. माझी पेन्सिल, माझं बोलणं वैयक्तिक हाय. त्या पोरीनं दोन तास बसून ते माझ्याकडून नेलं,” मल्लेश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर दिवे लावणारी माणसं थांबून ऐकायला लागली. “अकरा वर्सं मी लोकांची पोरं सांभाळली. आईबाप शेतावर, कामावर. पोरं माझ्या डोळ्यापुढं होती. एक पोरगं माझ्या दुकानातून बिघडून गेलं असंल तर नाव सांगा. आत्ता सांगा.”

“मॅडम, आपण दुकानाचं नाव पुढच्या भागांपासून काढू. तुम्ही म्हणाल तेवढं भाडं देऊ.”

“दाखवलेलं परत घेणार का? चुकलो म्हणून टीव्हीवर सांगणार का?”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग शटर माझ्या हातात हाय.”

तिनं करंट बंद केला, त्याला बाहेर जायची वाट करून दिली आणि शटर खाली ओढलं. तानाजी हात जोडत मधे आला. ती त्याला म्हणाली, “तू माझ्या घरी जेवलास, तानाजी. तुला गोष्ट ठावी होती. तू मला सांगितली न्हाईस.” तानाजीनं हात खाली सोडले. तासाभरानं गाड्या निघून गेल्या. नटीनं काच खाली केली नाही.

पुढं मालिकेत त्यांनी मुंबईत दुसरं दुकान उभं केलं, नटी तीच, पेन्सिल तीच. सौम्याच्या ओळखीचे कलबुर्गीचे वकील प्रणेश यांनी चॅनलला नोटीस धाडली. दीड महिन्यानं उत्तर आलं. मालिका काल्पनिक आहे, तरी सद्भावना म्हणून पुनःप्रसारणात पाटी पुसट करण्यात येईल. आणि खाली एक ओळ, आपण इच्छुक असल्यास आमच्या गप्पांच्या कार्यक्रमात खऱ्या आयुष्यातील गेमवाली म्हणून आपणास बोलावण्यात आनंद वाटेल.

सौम्यानं ती ओळ दोनदा वाचली. “जातीस का, अव्वा? तुझी बाजू तरी सांगता येईल.”

“अन् तिथं मला काय इचारतील? पुडी कितीला देत होतीस म्हणून?” मल्लेश्वरीनं कागद घडी करून वकिलाच्या फायलीत ठेवला. “दावा लावू.”

“वर्षं जातील.”

“जाऊ दे.”

अब्रूनुकसानीचा दावा हुमनाबादच्या कोर्टात दाखल झाला. पहिल्या तारखेला चॅनलच्या बाजूनं कुणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला एक वकील आला आणि मुदत मागून गेला. तिसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका ओळखीच्या बाईनं विचारलं, “एवढी कामून तापायलीस गं? लोक इसरले की आता.”

“मी इसरले न्हाई,” मल्लेश्वरी म्हणाली, आणि कारकुनाकडून पुढची तारीख लिहून घ्यायला उठली.