खाली सोडलेल्या ओळी

तुमच्या धंद्यात अवघड काय, असं कोणी विचारलं तर पेंटर अक्षरांचं नाव काढत नसे. "अक्षरं कोणीही काढतो. जागा सोडायला अक्कल लागते," असं म्हणून तो समोरच्याला वरपासून खालपर्यंत असा न्याहाळायचा, की आपल्याकडे ती अक्कल नाही हे त्या बिचाऱ्याला तिथल्या तिथे पटायचं. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. शाळेतला मुख्याध्यापकांच्या नावांचा बोर्डही त्यानेच केला होता, आणि शेवटच्या नावाखाली रिकाम्या ओळी आखून ठेवल्या होत्या. त्या वेळच्या मुख्याध्यापकांना ते झोंबलं. आपल्यानंतर कोणीतरी येणार आहे हे भिंतीवर रोज कशाला वाचायचं? पेंटर म्हणाला, "सर, माणूस बदलला की अख्खा बोर्ड पुन्हा करायला लागू नये ना, म्हणून." पुढे मुख्याध्यापक बदलत गेले, बोर्ड तोच राहिला, आणि पेंटर ही गोष्ट ज्याला त्याला ऐकवत राहिला.

वन्यजीव कार्यालयाचं काम आलं तेव्हा त्याने तोच हिशोब तिथेही लावला. व्हरांड्यात लावायचा मोठा बोर्ड होता. वर मथळा, 'कर्तव्य बजावताना प्राण गमावलेले आमचे सहकारी', आणि खाली तीन नावं. एकजण वणवा विझवताना होरपळला होता, एकाची होडी पुरात उलटली होती, एकाला शिकाऱ्यांनी गोळी घातली होती. पेंटरने तीन नावं झकास बसवली, दोरीला खडू लावून खाली आणखी ओळी मारल्या, त्यावरून बारीक ब्रशने फिकट रेघा ओढल्या आणि शिडीवरून उतरला.

व्हरांड्यात तेव्हा त्याचा धाकटा भाऊ उभा होता. हा धाकटा म्हणजे तिथलाच वन्यजीव अधिकारी, सगळ्यांचा 'साहेब'. शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं, बुटांना चिखल, आणि कोणी पाहुणा आला तर साहेब कोण ते दाखवून द्यावं लागायचं. तो बोर्डाकडे बघत म्हणाला, "दादा, या खालच्या ओळी कोणासाठी?"

"तुमच्या मोठ्या साहेबांसाठी," पेंटर म्हणाला.

"त्यांना काय होतंय? ते खुर्चीतून उठतच नाहीत."

सगळे गार्ड खो खो हसले. त्यांच्यातला एक पिकल्या मिशीचा, अंगाने नुसता सांगाडा, म्हणून त्याला 'काडीपैलवान' म्हणायचे. तो बोर्डाखालच्या बाकावर बसून डबा खात होता. तो म्हणाला, "मग माझं लिहून टाका. माझं नाव छोटं आहे, रंग वाचेल."

"रांगेत या, रांगेत," धाकटा म्हणाला. "साहेब आधी."

हसण्यावारी गेलं ते तेव्हा.

धाकट्याचं नाव पेंटरने जन्मभर लिहिलं होतं. आईबाप लवकर गेले, आणि पोराला शाळेत घातलं ते पेंटरनेच. पहिल्या दिवशी दप्तर हरवू नये म्हणून दप्तरावर पांढऱ्या रंगात नाव लिहून दिलं. पोराने दप्तर हरवलं नाही, पण त्यात खारीचं पिल्लू भरून आणलं. मग सायकलच्या मडगार्डवर नाव लिहिलं. मग वसतिगृहात न्यायच्या पत्र्याच्या पेटीवर. लग्न झाल्यावर घराच्या दारावर नवराबायकोची दोघांची नावं लिहिली, तिचं वर आणि त्याचं खाली, कारण धाकट्याने तसा हट्ट धरला होता. शेवटी कार्यालयात त्याच्या खोलीच्या दारावर नाव आणि हुद्दा. ती पाटी लिहिताना पेंटरची छाती अशी फुगली होती, की एक ओळ तिरपी गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ओळ पुसून पुन्हा काढली.

घरी मात्र तो धाकट्याला सोडायचा नाही. "माणसांशी जमत नाही म्हणून जनावरांत गेला," असं तो त्याच्या तोंडावर म्हणायचा. एकदा त्याचा सगळ्यात बारीक ब्रश गायब झाला. आठवडाभर दुकान डोक्यावर घेतल्यावर कळलं, की धाकट्याने तो पळवला होता आणि सोडवून आणलेल्या कासवांच्या पाठीवर त्याने नंबर घातले होते. पेंटर इतका भडकला, की दोन दिवस त्याने भावाशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो स्वतः तलावावर गेला आणि ते नंबर बघून म्हणाला, "तीनचा आकडा असा काढतात? आण इकडे." मग दोघांनी मिळून उरलेल्या कासवांवर नंबर घातले. पेंटरला त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस वाटत असे, फक्त हे त्याने धाकट्याला कधी सांगितलं नाही. आता सांगायला कोण होतं?

धाकटा गेला तो कासवांपायीच. तलावातून कासवं चोरून पोत्यांत भरून नेणारी टोळी होती, आणि त्यांची पिकअप त्या संध्याकाळी येणार अशी पक्की खबर होती. नाक्यावर आडवा दांडा टाकला होता आणि दांड्यावर 'थांबा' असा बोर्ड टांगला होता. तोही पेंटरनेच केलेला. "आंधळ्यालाही दिसला पाहिजे," असं धाकट्याने बजावलं होतं, म्हणून लाल रंगावर पांढरी, वीतभर उंचीची अक्षरं घातली होती. पिकअप आली. धाकटा हात वर करून दांड्याच्या पुढे उभा राहिला. गाडीने ब्रेक लावलाच नाही.

पुढचं पेंटरला काडीपैलवानाने सांगितलं. एकदाच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून, वर न बघता.

"गाडी पुढच्या वळणावर कलंडली, दादा. पोती फुटली. आम्ही साहेबांना उचलायला धावलो, तर रस्ताभर कासवं. पाय कुठे टाकायचा तेच कळेना. साहेब पडले होते, आणि ती आपली तलावाकडे निघाली होती, हळूहळू. त्यांच्या हाताला वळसा घालून." मग तो म्हणाला, "एकाच्या पाठीवर नंबर होता."

गाडी चालवणारा पकडला गेला. कोर्टात तो म्हणाला, बोर्ड दिसला नाही. पेंटर तेव्हा मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. वीतभराची अक्षरं! त्याला उठून ओरडावंसं वाटलं.

धाकट्याला जाऊन महिना होतो न होतो, तोच काडीपैलवान वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून दुकानात आला आणि ते त्याने पेंटरपुढे ठेवलं. पेंटरने कागद सोडला. आत दारावरची पाटी होती, भावाच्या नावाची.

"नवीन साहेब आलेत," काडीपैलवान पुटपुटला. "मोठे साहेब म्हणाले, हेच नाव खरवडून नवं लिहा, पत्रा चांगला आहे. मी नाही म्हणालो होतो, दादा. पण माझं कोण ऐकतंय?"

पेंटरने पाटी आतल्या फळीवर ठेवली, आपल्याकडचा कोरा पत्रा काढला आणि त्यावर नव्या साहेबांचं नाव लिहून दिलं. अक्षरं ठीकठाक आली. त्यांच्यात जीव नव्हता, पण नव्या साहेबांना ते कळणार नव्हतं.

व्हरांड्यातल्या बोर्डावर चौथं नाव घालायचा निरोपही तेव्हाच आला होता. पेंटरने आधी सांगितलं, हवा दमट आहे, रंग वाळणार नाही. मग सांगितलं, हवा तसला पांढरा मिळत नाही. मग सांगितलं, खांदा दुखतोय. वर्ष होत आलं. कार्यालयात धाकट्याच्या आठवणीची सभा ठरली आणि मोठे साहेब स्वतः दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. पण ज्याची फाईल हलली नाही तो प्रश्न त्याच्या डोक्यात बसत नसे.

"पेंटर, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. आम्ही छापून घेऊ आणि चिकटवून टाकू. नाव तर लागलंच पाहिजे."

ते गेल्यावर पेंटर तसाच बसून राहिला. भावाचं नाव कोणीतरी बटण दाबून छापणार आणि वर थुंकी लावल्यासारखं चिकटवणार, हे त्याला खपणार नव्हतं. आणि तरी ब्रश उचलायची त्याची छाती होईना.

संध्याकाळी भावजय आली. ती दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसे. दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून तिला थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची सवय झाली होती.

"दादा, तुम्हीच लिहायचं. त्यांचं नाव परक्याच्या हातचं मला चालणार नाही."

"ती ओळ मीच आखली होती गं," पेंटर म्हणाला. "तो समोर उभा असताना. शाळेच्या बोर्डासारखी. मेल्या माणसांच्या यादीत मी जागा करून ठेवली, आणि वर अक्कल पाजळली."

"तुम्ही ओळ मारली म्हणून ते गेले नाहीत. त्याने ब्रेक मारला नाही म्हणून गेले."

"कळतं मला."

"मग?"

"हाताला कळत नाही."

तिने फळीवरची दाराची पाटी बघितली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा होती तशी ठेवली. जाताना म्हणाली, "सभेला मी पहिल्या रांगेत बसणार आहे, दादा. समोर तोच बोर्ड असणार. मला तिथे बघायला काहीतरी धड असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर शिडी, डबा आणि हात टेकायची काठी घेऊन कार्यालयात गेला. एक ओळ, फार तर तासाभराचं काम, डोळे मिटून करून टाकू, असं मनाशी घोकत गेला. शिडी लावताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बोर्डाखालचा बाक तिथे नव्हता. तो पलीकडे उन्हात नेऊन टाकला होता, आणि गार्ड डोळे बारीक करून, घाम पुसत तिथे डबे खात होते.

"बाक कोणी हलवला रे?" त्याने विचारलं.

"असाच," काडीपैलवान म्हणाला.

"सावली सोडून उन्हात? असाच?"

बाकीचे आपापल्या डब्यात बघायला लागले. काडीपैलवानाने घास गिळला. मग म्हणाला, "तिथे बसून वर बघितलं, की त्या ओळी दिसतात, दादा. साहेबांची सोडून पाच आहेत. नाक्यावर आम्ही पण पाचजणच आहोत."

पेंटरला भडभडून आलं. वर्षभर तो आपल्याच हाताला दोष देत बसला होता, आणि इथे ही जिवंत माणसं रोज त्याच्या आखलेल्या रेघांखालून ड्युटीला जात होती. त्याने डब्याचं झाकण लावलं, खिशातून पेचकस काढला आणि बोर्डाचे स्क्रू सोडवायला घेतले. काडीपैलवानाने न विचारता खालची बाजू धरली. दोघांनी बोर्ड हातगाडीवर घातला. मोठे साहेब खिडकीतून ओरडत होते, "अहो, परवा सभा आहे, बोर्ड कुठे नेताय?" पेंटरने मागे वळूनही बघितलं नाही.

दुकानात त्याने बोर्ड आडवा ठेवला आणि अक्षरांमागच्या जमिनीचा हिरवा रंग ढवळला. जुन्या तीन नावांवर रंगाचा हात फिरवायचा तर जिवावर आलं. "माफ करा रे," तो मोठ्याने म्हणाला, "लगेच परत लिहितो." आणि त्याने सगळा बोर्ड कोरा केला, नावं, रेघा, सगळं. वाळल्यावर मथळ्याखाली त्याने मोजून चारच ओळी मारल्या. होरपळलेला, बुडालेला, गोळी लागलेला, असे तिघे त्याने ओळीने पुन्हा आणले, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठे. चौथं नाव लिहिताना तो रडत होता आणि लिहीत होता. डोळे पुसायला थांबला नाही, कारण थांबला असता तर रंगाचा जोड दिसला असता. दप्तरावर जे वळण काढलं होतं तेच त्याने इथे काढलं. अक्षरांचे पाय थेट खालच्या चौकटीला जाऊन टेकले.

बोर्ड पुन्हा लागला तेव्हा सभेच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. भावजय आली, समोर उभी राहिली, आणि तिने नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मग ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मोठ्या साहेबांनी चष्मा चढवला. "सुंदर झालाय," ते म्हणाले. "पण पेंटर, खाली जागा नाही ठेवली तुम्ही?"

"नाही."

"नाही म्हणजे, होऊ नये, पण उद्या गरज पडली तर? अख्खा बोर्ड पुन्हा करावा लागेल."

"हो, साहेब," पेंटर म्हणाला. "माणूस मेला तर अख्खा बोर्ड पुन्हा करावा लागला पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पेंटरला काही विजय वगैरे वाटला नाही. बोर्डाने माणूस वाचत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वीतभर अक्षरांचा 'थांबा' लिहून त्याने ते बघितलं होतं.

सभा संपली, खुर्च्या उचलल्या. काडीपैलवानाने आणखी एका गार्डाला हाक मारली, आणि दोघांनी उन्हातला बाक उचलून पुन्हा बोर्डाखाली आणून ठेवला. मग नाक्यावर जायची वेळ होईपर्यंत काडीपैलवान तिथे सावलीत डबा खात बसला.