श्यामलाताईंचा पहिला परदेश

पुण्यातल्या आयांचे पासपोर्ट बहुधा सुनेला किंवा मुलीला दिवस गेल्यावरच निघतात. हे कुणी कबूल करणार नाही. सगळे म्हणणार, आई अमेरिका बघायला चालली आहे. आई तिथे जाऊन डिंकाचे लाडू वळते, बाळाला तेल लावते, दुपटी धुते आणि एखाद्या शनिवारी तिला धबधब्यासमोर उभं करून तिचा फोटो काढतात. सहा महिने या आईचे, मग सहा महिने त्या आईचे. मला या प्रकाराचा राग येतो आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नाही.

श्यामलाताई आगाशे विश्रांतवाडीला माझ्या समोरच्याच दारात राहतात. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ताई जन्मात कधी फिरल्या नाहीत असं नाही. कुलदैवताला गेल्या, लग्नांना गेल्या, नणंदांच्या बाळंतपणांना गेल्या, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला जाऊन राहिल्या. कामाशिवाय मात्र कुठल्याही गावाला गेल्या नाहीत. दर दिवाळीत केरळचं ठरायचं आणि शरच्चंद्रराव म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. माणूस वाईट नव्हता. बायकोच्या बाबतीत त्यांना कधी घाई नसायची, एवढंच.

गणपतीत त्यांच्या मुलाचा, आमोदचा, न्यू जर्सीहून फोन आला. सुनेला, ऋचाला, मार्चमध्ये बाळ होणार होतं. ऋचाच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून पहिली पाळी श्यामलाताईंची. आमोदनं जानेवारीचं तिकीटही काढून टाकलं. दोन महिने आधी आलेलं बरं, म्हणजे स्वयंपाकघर हाताखालचं होतं, असं त्याचं म्हणणं. ताईंना आनंद झाला. नातवंड कुणाला नको असतं? आपल्याला कुणी काही विचारलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

मग व्हिसाची तयारी सुरू झाली. ही आमच्याकडची एक वेगळीच परीक्षा. बाळंतपणाला जाते असं चुकूनही म्हणायचं नाही, फिरायला जाते म्हणायचं, हे घरोघरी बजावलेलं असतं. असं का, ते कुणालाच धड माहीत नाही, पण सगळे बजावतात. आमोदनं व्हिडिओ कॉलवर ताईंकडून स्थळं पाठ करून घेतली. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन. समोरच्या खुर्चीत मी साहेब होऊन बसायची आणि त्यांना प्रश्न विचारायची. त्या शाळकरी मुलीसारख्या धडाधडा उत्तरं द्यायच्या.

मुंबईला अमेरिकन वकिलातीच्या खिडकीशी त्या पोचल्या. काय बघणार, असं साहेबानं विचारल्यावर त्यांनी तीनही नावं बिनचूक सांगितली. साहेब हसला आणि त्यानं सहज विचारलं, नायगाराच का?

हे पाठ केलेलं नव्हतं. साहेबानं व्हिसा देऊन टाकला, त्याला उत्तराची गरजही नव्हती. ताईंना मात्र होती. बसमधून परत येताना घाटभर त्या त्याच प्रश्नापाशी अडून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, चहा घेतला नाही, आणि म्हणाल्या, "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुम्हाला काय बघायचंय. आणि मी मुलानं सांगितलेलं बोलले. मला माझी शरम वाटली हो."

मग म्हणाल्या, "मी आमोदकडे जाणार. पण पहिला परदेश माझा असेल. तो मी निवडणार."

निवडायला बसलो तेव्हा कळलं की जगात जागाच उरलेली नाही. ताईंची अट एकच होती, तिथे आपलं कुणी नको. आपलं कुणी असलं की ते जेवायला बोलावणार आणि ताई ओट्यापाशी जाऊन पोळ्या लाटणार. त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. जर्मनीत पुतण्या. सिंगापूरला खालच्या मजल्यावरची पूर्वा. ऑस्ट्रेलियात मावसबहिणीचं अख्खं खटलं. मी मोठ्या हुशारीनं किरगिझस्तान सुचवलं, तर तिथे जावेचा नातू डॉक्टरकी शिकत होता. पुणेकरांनी घाण करून ठेवली आहे सगळ्या नकाशाची.

शेवटी लाओस सापडला. तिथे मेकाँग नदीतून दोन दिवस संथपणे जाणारी नाव असते. इंटरनेटवर कुणा वैतागलेल्या प्रवाशानं तक्रार लिहिली होती की या नावेत करायला काहीही नसतं, नुसतं बसून राहावं लागतं. ताईंनी ती तक्रार मला मोठ्यानं वाचून दाखवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हेच."

सोबत येते, असं मी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही असलात की मला तुम्हाला चहा विचारावासा वाटेल." मला वाईट वाटलं, पण बाई खरं बोलत होत्या.

सोसायटीत एव्हाना अमेरिकेची बातमी फुटली होती. लोक आपापल्या मुलांसाठी मेतकूट आणि भाजणीच्या पिशव्या घेऊन येऊ लागले. ताईंनी एकेक पिशवी परत पाठवली. आधी लाओसला जाते आहे, असं त्या सांगत. तिथे काय काम काढलंत, असं लोक विचारत. काही नाही, असं ताई म्हणत.

रविवारी सकाळी त्यांनी आमोदला सांगितलं. मला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. आमोद आधी हसला, मग चिडला. तिथे आपलं कोण आहे, आजारी पडलीस तर, दमून आलीस तर ऋचाचं कोण करणार, लोकांना काय सांगू. प्रश्न खोटे नव्हते. मग समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "आई, आत्ता इकडे ये. लाओसचं पुढच्या वर्षी बघू."

ताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. "तुझे बाबा हेच म्हणत गेले," त्या म्हणाल्या. "मी बाळाच्या आधी पोचेन आणि सगळं करीन, मायेनं करीन. पण पहिल्यांदा परदेशात गेले ती कामाला, असं मला म्हणायचं नाही. जानेवारीत मी येत नाही."

आमोदनं फोन ठेवला. पुढे तीन रविवार त्याचा फोन आला नाही. ताई त्या तीनही रविवारी फोन समोर ठेवून बसल्या, रडल्याही. एकदा मीच घाबरून म्हणाले, जाऊ द्या हो लाओस. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून घरी गेले.

जानेवारीत लाओसला निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती आणि ताई चपला घालत होत्या, तेव्हा आमोदचा मेसेज आला. त्यांनी मला वाचायला दिला. रागावू नकोस, नीट जाऊन ये, तुझं अमेरिकेचं तिकीट मी दहा फेब्रुवारीचं करून टाकलंय, असं लिहिलं होतं. मला हायसं वाटलं. पोरगा नमला, असं मी म्हणालेही.

ताईंनी पुन्हा एकदा वाचलं आणि तिथेच जिन्यात उभ्या राहून त्याला फोन लावला. आवाज मऊ होता.

"आमोद, ते रद्द कर. कधी यायचं ते मी परत आल्यावर सांगेन," त्या म्हणाल्या. "तिकीट मी काढीन."