विजापूर रस्त्याचं वळण

रस्त्यांच्या ऑफिसात कारकुनी केली की अंगणात खडी साचते आणि डोक्यात किस्से. खडीचा हिशेब द्यावा लागतो. किश्श्यांचा कुणी मागत नाही!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरहून विजापूरला जाणारा इंग्रजांच्या वेळचा रस्ता मंद्रूपच्या अलीकडे उगाच वळसा घ्यायचा. आमच्या साहेबांना बदलीआधी तो सरळ करून कोनशिलेवर नाव कोरायचं होतं. पण पुण्याच्या मोठ्या साहेबांनी शेरा मारला, ‘वळण मुळात का होतं, ते कळवा.’

झालं! वळणावरच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून आम्ही इतिहास-संशोधन सुरू केलं.

*

आधी आले शिवलिंगप्पा पाटील. “आमच्या पणजोबानं गोऱ्याला सांगितलं, शेतात पाय टाकशील तर तंगडं मोडीन! वळला की मुकाट!”

साहेब खूश. तेवढ्यात पाटलांचा चुलतभाऊ म्हणाला, “कशाचं काय साहेब! पणजोबा गोऱ्याला बघून कडब्याच्या गंजीत लपला होता.”

*

ड्राफ्ट्समन जोशी म्हणाले, “सरळ रेषेत जमीन खचत असणार. सायन्स आहे!” दोन्हीकडे खड्डे खणले. माती सारखीच. एका खड्ड्यात मात्र जोशीच पडले.

*

जीपचा ड्रायव्हर बशीरभाई म्हणाला, “साब, गोरा पियेला था. मेरे दादा बोलते थे.”

“तुझे दादा बघायला होते का?” साहेबांनी विचारलं.

“वोच तो पिलारे थे!”

*

शेवटी साहेबांनी मला लिहायला लावलं, ‘कारण अज्ञात. सबब वळण अनावश्यक.’ मंजुरी आली, रस्ता सरळ झाला, वळणाचा जुना तुकडा बाजूला पडून राहिला.

*

उद्घाटनाला मोठे साहेब आले. पाटील हटून बसले, “नव्या रस्त्यावर पहिली गाडी आमच्या बैलांची. बसायचं मोठ्या साहेबांनी!”

फीत कापली, टाळ्या झाल्या, झुली घातलेली जोडी डौलात निघाली आणि जुनं वळण आल्याबरोबर डांबर सोडून खाली उतरली.

“अहो पाटील, सरळ! सरळ!” आमचे साहेब सफारी सावरत मागे धावले. पाटील कासरा ओढत ओरडले, “ऐकंनात की!”

बैल थांबले ते थेट विहिरीजवळच्या पाण्याच्या हाळावर. दोघांनी तोंडं पाण्यात घातली.

फेटा सावरत मोठे साहेब उतरले. विहिरीकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं.

“‘कारण अज्ञात’ कुणी लिहिलं?”

आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे.

बैल पाणी पीत होते.